‘उणे २०’चं लेबल, बाबांचा पार्का आणि डिसेंबरातला केदारकंठा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातले आठ कॉलेजवाले डिसेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघालेत, हिमालयात आधी कुणीच गेलेलं नाही. बाजारात ‘मिलिटरी ग्रेड, उणे २० अंशांपर्यंत’ असं लेबल लावलेलं जाडजूड जॅकेट मिळतंय, ते घ्यावं का? रेन जॅकेटवर १०,००० असा आकडा छापलाय, तेवढा पुरेल का? आणि प्रश्न विचारणारीच्या बाबांनी नव्वदच्या दशकात लेहहून आणलेल्या पार्क्याचे, म्हणजे टोपीवाल्या लांब जाड कोटाचे, आतून पांढरे पापुद्रे गळतायत, तो दुरुस्त होईल का?

आधी उत्तरं सांगतो, कारणं मागाहून. ते जाड जॅकेट विकत घेऊ नका, त्या जातीची वस्तू भाड्याने घ्या. रेन जॅकेटला १०,००० पुरे, पण आकड्याआधी शिवण आणि काखेतली चेन बघा. पार्क्याचं बाहेरचं कापड गेलेलं आहे, अस्तर बहुतेक वाचेल. आणि खिशात जे काही पैसे आहेत त्यांतला मोठा वाटा फोटोत न दिसणाऱ्या वस्तूंवर घाला: अंगालगतचा कपडा, मोजे, हातमोजे.

मी टेक्स्टाइल शिकलो ते कलाभवनात, म्हणजे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या आणि आता एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालेल्या संस्थेत. पुढे बरीच वर्षं कोटिंग आणि रेनवेअरच्या कामात गेली. आता दांडिया बाजारात दुरुस्तीचं आणि ऑर्डरप्रमाणे शिवून देण्याचं छोटं वर्कशॉप आहे. दर नोव्हेंबरात असे ट्रेकवाले येतात आणि प्रत्येक जण थंडीबद्दल विचारतो. घामाबद्दल कुणी विचारत नाही. खरा शत्रू तोच आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्याच्यावरच जाणार आहे.

पण आधी ‘मिलिटरी ग्रेड’ निकालात काढू. अशी प्रतवारी कापडात नसतेच. सैन्य कपडा विकत घेतं ते लेखी तपशिलावर: सूत कुठलं, दर चौरस मीटरला वजन किती, किती ताणावर फाटतं, रंग किती धुण्यांना टिकतो, इंचाला टाके किती. दुकानदाराला यातलं काहीही विचारून बघ, तो फक्त ‘एकदम ओरिजिनल’ म्हणेल. शिवाय सैन्याचा प्रत्येक कपडा थंडीसाठी नसतो. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी जो नवा कॉम्बॅट गणवेश दाखवला गेला, निफ्ट या फॅशन-तंत्राच्या सरकारी संस्थेच्या मदतीने तयार केलेला, त्याचं कापड ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिएस्टर आहे. रोजच्या वापराला हलकं, मजबूत, लवकर वाळणारं. त्याच्या ठिपक्यांच्या नक्षीची नक्कल छापलेलं जॅकेट अंगात घातल्याने ऊब एका अंशानेही वाढत नाही. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसा पोशाख घालणं गुन्हा आहे, ते वेगळंच. आणि अगदी साधी गोष्ट: ती नक्षी माणूस दिसू नये म्हणून काढलेली असते. बर्फात वाट चुकलेल्या माणसाने दिसायला हवं. केशरी घ्या, लाल घ्या, पोपटी घ्या.

सैन्याकडून घ्यायचं ते नक्षी नाही, पद्धत. एका जाड कोटाऐवजी एकावर एक घालायचे, काढायचे थर ही कल्पना अमेरिकी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या फील्ड जॅकेटबरोबर नीट बसवली. आपल्याकडे हा धडा फार महागात पडला. १९६२ मध्ये आपल्या अनेक तुकड्या सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून उंचीवर लढल्या. १९८४ मध्ये सियाचिनवर गेल्यापासून कित्येक वर्षं तिथले खास कपडे बाहेरून आणावे लागत होते. डिसेंबर २०२१ मध्ये डीआरडीओने, म्हणजे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने, स्वतः विकसित केलेल्या अतिशीत हवामानाच्या पोशाखाचं तंत्र पाच भारतीय कंपन्यांना दिलं. तीन थरांचा तो पोशाख अधिक १५ ते उणे ५० अंशांसाठी आहे. पण त्याच्या वर्णनात एक अट आहे, तिच्याकडे लक्ष दे: थरांची जुळणी आणि शारीरिक कष्टांची तीव्रता यांवर तो कुठल्या तापमानाला पुरेल हे ठरतं. म्हणजे ज्यांचा धंदाच हा आहे तेसुद्धा कष्ट किती हे विचारल्याशिवाय तापमान सांगत नाहीत. आणि आपल्या बाजारातलं जॅकेट कुणी घालणार, चढणार की बसणार, काहीही न विचारता ‘उणे २०’ सांगून मोकळं होतं.

युरोपात थंडीच्या कपड्यांसाठी ईएन ३४२ नावाचं मानक आहे. त्यात कपड्याची उष्णतारोधकता मोजतात आणि मग तक्ता देतात: हलकी हालचाल असेल तर एक तास कुठल्या तापमानाला, आठ तास कुठल्या, आणि मध्यम कष्ट असतील तर किती. एकाच कपड्याचे निदान चार वेगवेगळे आकडे येतात. लेबलवर एकच आकडा असेल तर तो मोजून लिहिलेला नाही असं समजायला हरकत नाही.

आता घाम. माणूस नुसता बसलेला असताना शरीर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं. सॅक घेऊन बर्फात चढायला लागला की तीच पाच-सहा पट होते. केदारकंठ्याच्या माथ्याचा दिवस डोळ्यांसमोर आण. पहाटे तीन-चारच्या सुमारास तंबूतून निघायचं, अंधार, बोचरी थंडी, म्हणून असेल नसेल ते सगळं अंगावर. अर्ध्या तासात चढ अंगात भिनतो आणि आत घाम सुटतो, पण लाजेने आणि आळसाने कुणी थांबून जॅकेट काढत नाही. उजाडताना सुमारे १२,५०० फुटांवर पोचायचं आणि तिथे वाऱ्यात फोटो काढत उभं राहायचं. पाचशे वॉटचं इंजिन एकदम शंभरावर येतं आणि अंगावरचे कपडे मात्र ओले.

हिशेब करून बघ. एक ग्रॅम घाम वाळायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. बनियनमध्ये १०० ग्रॅम घाम मुरलेला असेल, आणि तो फार नाही, तर तो वाळवायला उभ्या माणसाच्या शरीराची चाळीस मिनिटांची सगळीच्या सगळी उष्णता लागेल. वर वारा. हवा उणे ५ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. उणे १० ला ४० किलोमीटरचा वारा असेल तर उणे २१. माथ्यावर दातखिळी बसते ती जॅकेट पातळ म्हणून नव्हे, दोन तास आधी ते काढलं नाही म्हणून.

जॉर्ज मॅलरी या ब्रिटिश गिर्यारोहकाचं उदाहरण मला फार आवडतं. १९२४ मध्ये तो एव्हरेस्टवर हरवला, १९९९ मध्ये त्याचा देह सापडला. अंगावर रेशीम, सूत, लोकर यांचे पातळ थर आणि वरून गॅबर्डिनचं घट्ट विणीचं कापड होतं. पुढे त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती शिवून तपासल्या गेल्या. चालत्या माणसाला ते कपडे उत्तम होते, हलके आणि सुटसुटीत. पण त्यांच्यावर त्या उंचीवर उघड्यावर रात्र काढता आली नसती. चालण्याचा पोशाख आणि थांबण्याचा पोशाख वेगळा, हा फरक शंभर वर्षांपूर्वीच्या कापडातही तसाच दिसतो.

म्हणून अंगालगतचा कपडा सगळ्यात महत्त्वाचा. ठरावीक दमट हवेत ठेवलेला सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरतो, नायलॉन ४, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही आणि लोकर तब्बल १६. मग लोकर वाईट का नाही? कारण ती पाणी तंतूच्या पोटात घेते, तंतूचा पृष्ठभाग पाणी झटकतो आणि कुरळेपणामुळे मधली हवा टिकून राहते. सूत ओलं झालं की लोळागोळा होऊन अंगाला चिकटतं, हवेच्या जागी पाणी येतं आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट जोरात उष्णता खेचून नेतं. आपल्या बाजारात ‘थर्मल’ म्हणून जे पांढरे-राखाडी जोड मिळतात त्यांतले बरेच सुती किंवा सुताचा भरणा असलेले असतात. बडोद्याच्या थंडीत, स्कूटरवर, घरात झोपताना ते छान. चढाला नकोत. आतल्या बाजूची चिठ्ठी वाच. पॉलिएस्टर किंवा मेरिनो (मेंढीची मऊ, बारीक लोकर) असेल तर घे. पैसे नसतील तर जिमचा पॉलिएस्टर टी-शर्ट आणि ट्रॅकपँट अंगालगत घाल, वास येईल, पण कोरडी राहशील. आतले कपडेही सुती नकोत, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगून ठेवतो.

घाम दूर ठेवायची एक अफलातून युक्ती नॉर्वेच्या सैन्यातली. १९३३ मध्ये हेन्रिक ब्रुन नावाच्या अधिकाऱ्याने हेरिंग मासे पकडायच्या जुन्या जाळ्यांचा बनियन शिवला. भोकांमध्ये गरम हवा अडते, घामाची वाफ वर निघून जाते, कातडीला ओलं कापड लागतच नाही. जाळीचे बनियन आजही विकले जातात. दिसायला विनोदी.

त्यावर फ्लीस (पॉलिएस्टरचं मऊ, केसाळ, उबदार कापड) किंवा लोकरीचा स्वेटर. आजीने विणलेला असेल तर जरूर ने, पण तो लोकरीचा आहे का ते बघ. दुकानात ‘लोकरीचे गोळे’ म्हणून मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे, आणि ॲक्रिलिकचा तंतू तर आपल्याच गावच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कारखान्यात बनायचा. धाग्याचं टोक जाळून बघ: लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरडते, ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. ॲक्रिलिकही चालतं, पाणी फार धरत नाही. मात्र शेकोटीजवळ जपून. वितळणारं कापड कातडीला चिकटतं आणि भाजणं फार वाईट होतं. याच कारणासाठी २००६ मध्ये इराकमध्ये अमेरिकी मरीन सैनिकांना तळाबाहेर पडताना पॉलिएस्टरचे खेळाडू छापाचे बनियन घालायला बंदी केली होती.

रेन जॅकेटच्या आकड्यांकडे येऊ. १०,००० मिमी म्हणजे त्या कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर तेवढ्या दाबाला पाणी आत शिरायला लागेल. प्रयोगशाळेत, नव्या कापडावर, शिवण नसलेल्या जागी. पडणाऱ्या बर्फाला एवढं खूप झालं. दाब खरा येतो तो सॅकच्या पट्ट्यांखाली, गुडघे टेकताना आणि बसताना. पण जॅकेट गळतं ते बहुतेक वेळा कापडातून नाहीच, शिवणीतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक दार, म्हणून आतून गरम हवेने टेप चिकटवलेली असते. जॅकेट उलटं कर आणि खांदा, टोपीची शिवण, काख इथे टेप अखंड आहे का, कुठे सुरकुती किंवा सुटलेलं टोक आहे का ते बोट फिरवून बघ. दुकानदार बाटलीतून पाणी ओतून दाखवेल आणि थेंब मोत्यासारखे घरंगळतील. ते वरचं फिनिश आहे. चार-सहा धुण्यांत ते झिजतं. खालचा थर वेगळा, आणि त्याच्याबद्दल ही बाटली काहीच सांगत नाही.

दुसरा आकडा वाफ बाहेर टाकण्याचा असतो, चौरस मीटरमागे दिवसाला इतके ग्रॅम. तो मोजायच्या पद्धती अनेक, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पेला सुलटा ठेवून मोजलं तर एक येतो, पालथा घालून मोजलं तर भलताच मोठा. कुठली पद्धत ते लेबलवर क्वचितच लिहितात. ‘रेट’ (Ret) नावाचा, वाफेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा दिलेला असेल तर तो जास्त भरवशाचा: तो जितका लहान तितकी वाफ सहज जाते, ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर गेला तर जवळजवळ प्लास्टिकच.

पाणी अडवून वाफ सोडणारं कापडातलं पातळ पटल, म्हणजे मेम्ब्रेन, त्यात जादू काही नाही. रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या कुळातली दांडी झटक्यात ताणून जे सच्छिद्र पटल मिळवलं, ते १९७६ पासून जॅकेटांत आलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूहून शेकडो पटींनी मोठी. वाफ बाहेर जाते ती मात्र आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या फरकाच्या जोरावर. बाहेर थंड कोरडी हवा असेल तर हा फरक मोठा. ऑगस्टात बडोद्यात बाहेरच हवा वाफेने गच्च भरलेली असते, मग फरक उरतो कुठे? ‘एवढं महाग जॅकेट घेतलं तरी स्कूटरवर आतून भिजलो’ ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा जॅकेट निर्दोष असतं. आपल्या पावसाला साधा ढगळ रेनकोट किंवा पोंचो बरा, खालून वारा खेळतो आणि खिसाही रिकामा होत नाही.

थंडीत उलट अडचण येते. बाहेरचं कापड इतकं गार असतं की वाफ पलीकडे जायच्या आतच त्याच्या आतल्या बाजूला पाणी धरते, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात तसं. तिथे मेम्ब्रेन कितीही भारी असो, काखेतली चेन उघडणं हाच उपाय. म्हणून मी म्हणतो, दोन हजार जास्त देऊन मोठा आकडा घेण्यापेक्षा काखेत चेन असलेलं, समोरची चेन वरून-खालून दोन्हीकडून उघडणारं आणि माकडटोपीवरून बसेल एवढी टोपी असलेलं जॅकेट घे. माप घेताना आत फ्लीस आणि पफर (फुगीर भरणाचं उबदार जॅकेट) दोन्ही घालून बघ, हात वर कर, कंबर उघडी पडते का बघ. बडोद्याच्या दुकानात हे सगळं घालून बघताना घामाघूम होशील, त्याला इलाज नाही.

जाता जाता: सुताला मी एवढी नावं ठेवली, पण पावसाला अडवणारं सुती कापडही आहे. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी लांब धाग्याच्या कापसाचं अतिशय घट्ट विणीचं कापड काढलं गेलं, व्हेंटाइल. भिजलं की धागे फुगतात आणि विणीतली छिद्रं स्वतःहून बंद होतात. कोटिंग नाही, मेम्ब्रेन नाही. विणकामाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सुंदर वस्तू दाखवता येणार नाही. महाग आणि जड असतं, तुमच्या यादीत नको.

ऊब देणारं जॅकेट, म्हणजे पफर, हे थांबण्याचं कापड. चढताना ते सॅकमध्ये वरच्या बाजूला राहतं आणि थांबलं की मिनिटभराच्या आत अंगावर येतं, घाम थंड व्हायच्या आधी. डाऊन, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांचं भरण, वजनाला हलकं आणि सगळ्यात उबदार, पण ओलं झालं की पिसांचे गोळे होतात. त्याचा फिल पॉवरचा आकडा म्हणजे एक औंस पीस किती घन इंच फुगतं एवढंच. आत पीस किती ग्रॅम भरलंय ते त्यातून कळत नाही, ८०० चं पातळ जॅकेट ६०० च्या भरगच्च जॅकेटपुढे गारठतं. सिंथेटिक भरण जड, पण ओलं असतानाही बरंच काम देतं. प्राइमालॉफ्ट नावाच्या सिंथेटिक भरणाचा जन्म ऐंशीच्या दशकात झाला तो अमेरिकी सैन्याला भिजल्यावर न बसणारा डाऊनचा पर्याय हवा होता म्हणून. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सिंथेटिक सांगतो. आणि ते भाड्याने घ्या: ट्रेक नेणारे देतात, ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावातही मिळतं, गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं, बर्फ आत जाऊ न देणारं आवरण) आणि बुटांना लावायचे काटेही तिथेच मिळतात. भाड्याचं जॅकेट हातात आलं की मुठीत दाबून सोड. झटकन फुगलं नाही, किंवा उजेडापुढे धरल्यावर चौकोनांत रिकाम्या जागा दिसल्या, तर दुसरं माग.

हातपायांचं भराभर सांगतो. मोज्यांचे तीन जोड, लोकरीचे किंवा मिश्र, त्यांतला एक फक्त झोपायला. दोन जाड मोजे घालून बूट आवळला तर रक्त अडतं आणि बोटं जास्त गारठतात, म्हणून बूट एक माप मोठा. हातात पातळ हातमोजे आणि त्यावर बोटं एकत्र राहणारे मिटन. कान आणि मानेला माकडटोपीला तोड नाही, हसणाऱ्यांना हसू दे. झोपायचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेव आणि दिवसा काहीही झालं तरी तो घालू नकोस.

जाण्याआधी सगळ्यांनी एका रविवारी भल्या पहाटे बडोद्याजवळचा पावागड चढा. मधल्या माचीपासून वर, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, अंगावर जे नेणार तेच. अर्धी चढण जॅकेट पूर्ण बंद करून, मग ते उलटं करून आतून हात फिरवा. उरलेली चढण चेन उघडून किंवा जॅकेट काढून. कुणाला किती घाम येतो हे आठांपैकी प्रत्येकाचं वेगळं निघेल आणि कुणी कधी काय काढायचं ते सांकरीत नव्हे, इथेच ठरेल. चढायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ती वाजत नसेल तर जास्त घातलंय.

तुमच्यातला एक जण जानेवारीत कच्छच्या रणोत्सवालाही जाणार आहे असं लिहिलंयस. दिवसा रणात उन्हाला सुती, ढगळ, पूर्ण बाह्यांचं काहीही चालेल, कारण तिथे घाम अंगावर राहून वाळायलाच हवा, तोच गारवा देतो. रात्री मात्र मोकळ्या रणात वारा लागतो, तेव्हा हेच फ्लीस आणि हेच रेन जॅकेट बरोबर असू दे.

राहिला पार्का, आणि इथे बडोद्याच्या हवेबद्दल बोलावंच लागेल. पांढरे पापुद्रे म्हणजे आतलं पॉलियुरेथेनचं कोटिंग. त्यातल्या बऱ्याच जातींत एस्टरचे बंध असतात आणि पाण्याचे रेणू ते हळूहळू तोडतात. ऊब आणि दमटपणा जितका जास्त तितकं वेगाने. आधी चिकटपणा येतो, आंबट वास येतो, मग पापुद्रे. लेहच्या कोरड्या थंडीत तो पार्का आणखी बरीच वर्षं टिकला असता. आपल्याकडे कपाटात, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीस पावसाळे गेल्यावर दुसरं काय होणार! बर्फासाठी बनवलेले कपडे आपल्याकडे बर्फात मरत नाहीत, ऑगस्टात मरतात. नवं जॅकेट आणल्यावर हे ध्यानात ठेव: पिशवीत कोंबू नको, हँगरवर टांग, कपाटात सिलिका जेल ठेव आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की सावलीत वारा दाखव. धुताना सौम्य द्रव साबण, सॉफ्टनर कधीच नाही, तो वरच्या फिनिशचा सत्यानाश करतो. फिनिश मंदावलं तर आतल्या चिठ्ठीवर परवानगी असेल तरच, वर कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरव, बरेचदा ते पुन्हा जागं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा गाळाने माखलेली किती तरी जॅकेटं आली. ज्यांनी लगेच साध्या पाण्याने गाळ काढून सावलीत वाळवली होती त्यांची वाचली. गठ्ठा बांधून ठेवलेली गेली.

गळणाऱ्या कोटिंगवर नवं कोटिंग बसत नाही. फवारा मारून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, खालचाच थर सुटतोय तर वरचा धरणार कशाला? पण त्या काळच्या अशा बऱ्याच पार्क्यांना आत बटणांनी लावलेलं रजईसारखं अस्तर असतं. तुझ्या फोटोत कॉलरच्या आत बटणं दिसतायत. ते अस्तर काढ, टबमध्ये कोमट पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, आडवं पसरून वाळव. भरण गोळा झालेलं नसेल तर ते कॅम्पवर रेन जॅकेटच्या आत मस्त चालेल आणि भाड्याच्या पफरचे पैसे वाचतील. बाहेरच्या कोटाचे पापुद्रे कोरड्या ब्रशने घासून काढ, तोंडाला मास्क बांधून आणि गच्चीवर. पाऊस अडवणं संपलं, वारा अडवणं अजून शिल्लक असेल. बाबांना उत्तरायणाला, पतंग उडवताना, गच्चीवर घालायला द्या. चेन बिघडलेली असेल तर घेऊन ये, ती बदलता येते.